विचाराधीन कांबळेकाका

आमच्या समोरच्या ब्लॉकमधले कांबळेकाका चहा हवा की नको, याचंही सरळ उत्तर देत नाहीत. काकू स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, चहा टाकू का?" काका पेपरातून मान वर न काढता म्हणतात, "विचाराधीन आहे." काकू चहा टाकतात. हा प्रस्ताव फेटाळला गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हा शब्द त्यांना सरकारने दिला. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत केमिस्ट होते, तेव्हापासून काका माहितीच्या कायद्याची वाट बघत होते. सरकारी कागद साध्या माणसालाही बघता यावा, एवढंच त्यांचं म्हणणं. सरकार म्हणायचं, विचाराधीन आहे. मग समिती बसायची, उठायची, दुसरी बसायची. एकदा तर कायदा मंजूर झाला आणि लागूच झाला नाही. "साखरपुडा झाला रे, पण मुहूर्त कोणी काढेचना!" काका आजही चिडून सांगतात. खरा कायदा आला तेव्हा त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. खालच्या जोशीबाईंना वाटलं, काकांना प्रमोशन मिळालं.

त्यानंतर काका सुटलेच. उखडलेलं डांबर, बागेतलं बंद कारंजं, कशावरही अर्ज. भाजीवाल्यालासुद्धा विचारतात, "भेंडी कोवळी आहे, हे लेखी देतोस?" तो म्हणतो, "काका, मोडून बघा ना. तीच माझी सही."

गेल्या वर्षी गल्लीतल्या गटाराचं झाकण गायब झालं आणि काकू त्यात पडल्या. पाय मोडला. काकांनी अर्ज टाकला: झाकण कोणी काढलं, नवं कधी बसणार? उत्तर नाही. अपील केलं. उत्तर नाही. त्याच्या वरचं अपील केलं. तोवर काकू काठी सोडून चालायला लागल्या आणि लोकांनी गटारावर फळी टाकली. "त्या अधिकाऱ्याला दंड झाल्याशिवाय मी सोडत नाही," काका म्हणायचे.

शेवटी सुनावणीची तारीख आली. काकांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. सोबतीला मी गेलेलो.

माहिती अधिकारी म्हणून समोर एक तरुण बाई उभ्या होत्या. रात्रभर झोप नसावी, असा चेहरा.

"उत्तर द्यायला उशीर का झाला?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं.

"सर, फाईल आमच्या वरिष्ठांकडे आहे. कितीदा मागितली, त्यांनी सोडली नाही."

"ते कुठे आहेत?"

"आले नाहीत."

"मग दंड तुम्हालाच लागेल."

बाईंनी नुसती मान हलवली.

मी काकांकडे पाहिलं. इतके महिने ज्याची वाट पाहिली, तो क्षण आला होता. काका उठले, खाकरले.

"साहेब, पुढची तारीख द्या."

"काय म्हणालात?"

"फाईल ज्यांच्याकडे आहे, त्यांना बोलवा. बाईंनी काय सांगितलं, तेही लिहून घ्या. मला घाई नाही."

बाई काकांकडे बघतच राहिल्या. मीसुद्धा.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काका, कमाल केलीत! आपणच तारीख मागितली?"

काकांनी रसवाल्याला दोन ग्लास सांगितले. मग म्हणाले, "माझी मुलगी सुजाता. नागपूरला अशाच टेबलावर होती. साहेबाच्या चुकीसाठी तिला उभं केलं होतं असंच. नोकरी सोडून घरात बसलीय. म्हणते, 'बाबा, तेव्हा त्या खोलीत एकही माणूस माझ्या बाजूने बोलला नाही.'"

काकांनी खिशातून फोन काढला.

"सुजाता? नाही गं, काम काही नाही. जेवलीस का?"

पलीकडून ती बरंच काही सांगत होती. काका भर उन्हात उभे राहून ऐकत होते. रसाला त्यांनी तोंडही लावलं नव्हतं.