बावन्न मशीनचे अण्णा

आमच्या ऑफिसातले बिराजदारअण्णा भेटले की तब्येत विचारत नाहीत. थेट विचारतात, "तुमची पीडीएफ कशात उघडती?" माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी व्याह्यांनाही हेच विचारलं. वर म्हणाले, "फाइल लेकीसारखी असती. कुटल्या घरात जाती ते बघावं लागतंय." तेव्हापासून व्याही माझ्याशी जरा जपूनच बोलतात.

टॉवेल निर्यात करणाऱ्या आमच्या कंपनीतले सगळे कॉम्प्युटर अण्णांच्या ताब्यात. नवं सॉफ्टवेअर बसवलं की फाइली भलत्याच प्रोग्रॅममध्ये उघडायला लागतात. मग अण्णा बावन्न मशीनपुढे एकेक करून बसतात आणि ते पहिल्यासारखं करतात. पुण्याच्या मुख्य ऑफिसचं म्हणणं, हे एका जागेवरून पाच मिनिटांत होतं. अण्णा म्हणत, "आमच्या दुधनी गावच्या माणसाला घाई न्हाय." कामाला वेळ लावून पगार खाणारा माणूस, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं.

एकदा ऑर्डरी टाइप करणाऱ्या गायकवाडबाई रजेवर होत्या, म्हणून त्यांच्या मशीनवर मी एक फाइल उघडली. प्रोग्रॅम निराळाच. काळ्या पडद्यावर बोराएवढी पिवळी अक्षरं. अण्णांनी मला जिन्यात गाठलं.

"बाईला दिसंना झालंय हो. डॉक्टरनं हात टेकले. रिटायर व्हायला दोन वर्षं हायत, घरात कमावणारं दुसरं कुणी न्हाय. कळलं की घरी बसवतील. पुण्यावाल्यांनी केलं तर बाईचं मशीनबी सगळ्यांसारखं होतंय, म्हणून मीच एकेक करत बसतो. कुटं बोलू नका."

मी बोललो नाही. पण या महिन्यात पुण्याने अण्णांना न विचारता, रविवारी परस्पर सगळी मशीन एकसारखी केली आणि इथून कुणाला बदलता येऊ नये म्हणून सेटिंग बंद करून टाकलं. सोमवारी बाईंनी फाइल उघडली, तर अक्षरं पुन्हा सगळ्यांसारखी बारीक. त्या तशाच बसून राहिल्या.

अण्णांनी पुण्याला सात फोन केले. "एक मशीन तेवढं सोडा की, साहेब." पलीकडून एकच उत्तर, कारण लिहून पाठवा. कारण तर लिहिता येत नव्हतं. मला माझ्या जिभेची लाज वाटली.

मग त्यांनी खुर्ची बाईंशेजारी ओढली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मशीन लई बिघडलंय बाई, मला हितंच बसावं लागतंय." आणि आवाज उतरवून वाचू लागले, "टॉवेल, तीस बाय साठ, पांढरा, कडेला निळी पट्टी." बाई सवयीच्या बोटांनी टाइप करत गेल्या.

"अण्णा, दोन वर्षं निघतील का अशी?" त्यांनी हळूच विचारलं.

"पुढची ओळ घ्या," अण्णा म्हणाले.