मशीन इचारतंय

आमच्या शेजारचा बाळाराम बायकोला विचारल्याशिवाय कंप्युटरचं एक बटण दाबत नाही. पडद्यावर काही उगवलं की मास्तर वर्गात आल्यासारखा हात मागे बांधून उभा राहतो आणि ओरडतो, "अगो, ये इकरं! मशीन इचारतंय!"

मग यमुनावहिनींचा आवाज येतो. पहिलीतल्या पोरीसारखा, एकेक शब्द सुटा. "आपण... बदल... जतन... करू... इच्छिता?"

कोपरखैरण्यात आमची दोघांची भिंत एक. तिकडं शिंकलं की इकडं कळतं. मी चौथी शिकलो, जन्मभर मार्केटात कांद्याच्या गोणी उचलल्या, पण असलं मराठी तलाठ्याच्या तोंडूनसुद्धा ऐकलं नव्हतं. बाळारामच्या पोरानं कंप्युटर मराठीत करून दिलेला. आणि हा त्यावर करतो काय? पत्ते उघडतो. डाव बंद करायचा तरी "अगो, ये!" ती म्हणणार "होय", मग हा बटण दाबणार.

एकदा म्हटलं, "शेठ, बाईला जरा बसू दे की!"

"कोनी इचारला तं जबाब द्याला नको?"

हे त्याचं ठरलेलं. कर्ज पाहिजे का म्हणून कुठल्या पोरीचा फोन आला, तरी तिला नीट नाही म्हणणार, वर जेवलीस का विचारणार.

खोटं कशाला बोलू, मी जळायचो. माझी बायको कमल जाऊन वर्ष होत आलं. घरात हाक मारायला कोण नाही. दूध उतू गेलं की मीच मला शिवी देतो. आणि ह्या बाबाला पत्ते बंद करायला बायको लागते! मी टीव्हीचा आवाज वाढवायचो. पण पलीकडून वहिनींचं "होय" आल्याशिवाय ताटावर बसत नव्हतो, हेही खरं.

मग जुनी सिस्टिम बंद होणार, नवी घ्या, असं पडद्यावर यायला लागलं. पोरगा कामोठ्याहून आला, नवी टाकली, जेवला, गेला. दुसऱ्या सकाळी बाळाराम माझ्या दारात.

"नाना, मराठी गेली."

"कुठं गेली?"

"सगला विंग्रजीत बोलतंय. बटनं कोपऱ्यातली मधी आलीत. पत्त्यांत जाहिराती. न् मधीच सोताच बंद होतंय, सोताच चालू होतंय. पोराला फोन केला तं बोलतो, पप्पा, सवय होईल."

मला आतून बरं वाटलं. म्हटलं, "आता दाब तुझ्या अकलेनं."

त्यानंतर भिंतीपलीकडचा आवाज थांबला. हाक नाही, वाचणं नाही. आधी मजा वाटली, मग घास उतरेना.

आठवडाभरानं तो पुन्हा आला. कंप्युटरचा डबा दुकानात न्यायचाय, खांदा दे म्हणाला. गोणीपुढं तो डबा म्हणजे भाजीची पिशवी. उचलला.

दुकानातला माणूस गोड बोलत होता. "काका, इंग्लिशच राहू द्या ना. पत्तेच खेळता ना तुम्ही?"

"मना मराठी पायजे."

"त्याला टाइम लागेल, आणि खरंच गरज नाही..."

"मराठी!" बाळारामनं टेबलावर हात आपटला. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. एकानं तर "बरोबर आहे काका, मराठी आलीच पाहिजे," म्हणून टाळी वाजवली. पण बाळारामच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी त्याला बाहेर ओढला. "पत्त्यांसाठी रडतोस? लाज नाही वाटत?"

"पत्ते मना खेलता पन येत नाय, नाना."

मग बोलला. उन्हाळ्यात वहिनींना मेंदूचा झटका आला, ते मला माहीत होतं. चालत्याफिरत्या दिसायच्या, म्हणून मी समजलो बऱ्या झाल्या. बोलणं गेलं होतं, हे त्यानं कुणाला सांगितलंच नव्हतं. मनातलं तोंडात येत नाही. समोर लिहिलेलं असलं तर तेवढं वाचतात.

"डाक्टर बोलला, रोज वाचून घ्या."

"मग पेपर दे की!"

"दिला. बाजूला ठेवते. पेपर काय इचारत नाय. ह्यो इचारतो. इचारला का ती जबाब देते."

मी दुकानात परत गेलो. म्हटलं, "मराठी घाला. रात्र झाली तरी बसतो आम्ही."

मराठी आली. डबा त्याच्या घरी नेऊन मांडला. बाळारामनं पत्ते उघडले, लगेच बंद करायला गेला. पडद्यावर उगवलं. हा हात मागे बांधून उभा.

"अगो, ये इकरं. मशीन इचारतंय."

वहिनी आल्या. पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "आपण... खरोखर... बाहेर... पडू... इच्छिता?"

खाली दोन बटणं. होय आणि नाही. तेवढं मलाही वाचता येतं. पण त्यांनी बटणांकडं बघितलंच नाही. नवऱ्याकडं बघितलं.

"नाय," म्हणाल्या.

पडद्यावर 'नाय' कुठंच नव्हतं. बाळारामचा हात बटणावर जाईना.

"काय बोललीस? परत बोल."

"नाय! नाय!" वहिनी चिडल्या. हा वेडा हसायला लागला.

च्या घेऊन जा म्हणत होता, मी थांबलो नाही. आतून नुसता पेटलो होतो. अजून जळतो, काय करू? घरी येऊन दूध गॅसवर ठेवलं. टीव्ही लावला नाही. खुर्ची भिंतीला लावून बसलो.

पलीकडं त्यानं पत्ते पुन्हा उघडले असणार. "आपण... खरोखर... बाहेर... पडू... इच्छिता?"

"नाही," मी भिंतीला सांगितलं. दूध उतू जात होतं, गॅस बंद करायला उठलो.