अकराव्या स्थानाची वहिवाट

सलग बारा हंगाम अकराव्या स्थानावर राहिल्यामुळे ते स्थान कायद्याने वेदरविक टाउन फुटबॉल क्लबच्या मालकीचं झालं, आणि मालकाला स्वतःची जागा टाकून वर किंवा खाली जाता येत नाही, म्हणून गेल्या हंगामात सगळ्यांत जास्त गुण मिळवूनही आम्ही अकरावेच राहिलो. यात माझा दोष किती, यावर या गावात कोणी चकार शब्द काढत नाही. तेव्हा मीच बोलतो.

वहिवाटीचा कायदा मला कोणी शिकवू नये. पाटण तालुक्यात चौतीस वर्षं तलाठी होतो. बांध कोरणारे भाऊ पाहिले, हद्दीचे दगड सरकवून वर देवाची शपथ घेणारे पाहिले. बारा वर्षं जमीन उघडपणे आणि बिनहरकत कसली, की मूळ मालकाने कितीही छाती पिटली तरी उपयोग नसतो. माझी स्वतःची चार एकर मात्र धरणाच्या पाण्याखाली गेली. तो फेरफार मीच माझ्या हाताने नोंदवला. पुढे निवृत्त झालो, बायको गेली, आणि मुलगी मंजिरी वेदरविकच्या दवाखान्यात डॉक्टर आहे, तिच्याकडे येऊन राहिलो. त्याला आता चौदा वर्षं झाली.

पहिल्याच हंगामात शेजारच्या आयव्ही क्रॅब्ट्री बाई मला मैदानावर घेऊन गेल्या. त्यांचे यजमान वॉल्टर त्याच्या आदल्या वर्षी वारले होते आणि बाईंच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. जी रांग, सत्तेचाळीस नंबर. तिथे बसणाऱ्याने मध्यंतरात बाईंचा अर्धा मटण पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत भाजलेलं मटण, खायचा असतो, तो मी खाऊ लागलो. बाई तेव्हा सत्तरीच्या, आता त्र्याऐंशीच्या. वयाच्या नवव्या वर्षापासून त्या या मैदानावर येतात. इंग्लंडात वीस क्लबांची पहिली श्रेणी असते आणि तिच्या खाली चोवीस क्लबांची दुसरी. आम्ही दुसरीत. वरचे तीन वर चढतात, खालचे तीन खाली घसरतात, मधल्यांना कोणी विचारत नाही. पहिल्या श्रेणीतला एक तरी सामना आपल्या मैदानावर बघायचा, एवढीच बाईंची इच्छा होती. ती त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही हातमोजे शोधता शोधता.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात क्लबचे सचिव प्लमली यांनी सभासदांची बैठक बोलावली. लीगच्या स्थान-अभिलेख कार्यालयाकडून पत्र आलं होतं. अकराव्या स्थानावर आपला बारा हंगामांचा शांततामय ताबा आहे, तीस दिवसांत मालकी हक्क मागावा, अन्यथा तो कायमचा बुडेल, असं त्यात होतं. चाळीस-बेचाळीस माणसं चहाचे कप धरून एकमेकांकडे बघत होती. तेवढ्यात बाईंनी सांगून टाकलं, की मिस्टर टार्लेकरांचं सगळं आयुष्य याच कामात गेलंय. तारळेकर हे त्यांच्या तोंडी कधीच बसलं नाही.

मी उभा राहिलो. जागा आपण होऊन नावावर होत असताना नको म्हणणारा शहाणा मी आजवर पाहिलेला नाही, असं मी म्हणालो. एकदा मालकी लागली की आपल्याला खाली ढकलायची कोणाची माय व्यालीय, असंही म्हणालो. अर्थात त्यांच्या भाषेत जरा सौम्य करून. सगळ्यांनी हात वर केले. अर्ज मी भरला. चतुःसीमा लिहिल्या: वर दहावं स्थान, खाली बारावं, डावीकडे क्लबांची नावं, उजवीकडे गुणांचा रकाना. कार्यालयाच्या मिस फर्निवल टेप घेऊन आल्या, त्यांनी तक्त्यावर जागा मोजली, पंचनामा केला आणि दोन्ही शेजारी क्लबांना हरकतीची नोटीस दिली. हरकत आली नाही. मिस फर्निवलनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला सांगू.

आणि मग आमचे लोक जिंकायला लागले. बारा वर्षं ज्यांना समोरचं गोलपोस्ट दिसत नव्हतं, ते दर शनिवारी तीन-तीन गोल करायला लागले. मार्चपर्यंत आमचे ऐंशी गुण झाले. दर सोमवारी वर्तमानपत्रात तक्ता यायचा: पहिला क्लब, गुण त्र्याहत्तर, दहावा ब्रॅकनशॉ, गुण एकोणपन्नास, अकरावा वेदरविक टाउन, गुण ऐंशी. छापताना चूक झाली असं कोणालाही वाटलं नाही, कारण ती चूक नव्हतीच. उलट ब्रॅकनशॉने तक्रार केली, की आमचे जास्तीचे गुण त्यांच्या हद्दीत लोंबतायत. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आपल्या अंगणात येते, तसं. मिस फर्निवल परत टेप घेऊन आल्या. तक्रारीत तथ्य निघालं, आणि आम्हाला समज देण्यात आली.

माझं डोकं फिरलं. मी सात पत्रं लिहिली. सातही पत्रांना उत्तर आलं, की आपल्या भावना आम्ही समजू शकतो. माझ्या कारकिर्दीत मी लोकांना चावडीतून हाकलून दिलंय, पण असं उत्तर कधी कोणाला दिलं नाही. शेवटी मी मिस फर्निवलना गाठलं. त्या शांतपणे म्हणाल्या, की मालक आपल्या जागेत राहतो, दुसऱ्याच्या जागेत शिरत नाही. शिरायचंच असेल तर आधी हक्कसोडपत्र करा, तीस एप्रिल संध्याकाळी पाचच्या आत, सगळ्या मालकांच्या सह्यांनिशी. मालक क्लब आहे, प्लमली सही करतील, असं मी म्हणालो. तेव्हा त्यांनी कायदा काढून दाखवला. खेळाडू दोन वर्षांत बदलतात, प्रशिक्षक सहा महिन्यांत जातो, क्लबही दोनदा विकला गेलाय. मग अखंड ताबा कोणाचा? बाराही हंगाम एकही सामना न चुकवता जे येऊन बसले त्यांचा. असे लोक दोन हजार तीनशे सहा. मी त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, आणि याचाच मला जास्त राग आला.

यादी घेऊन मी दारोदार फिरलो. सात आठवडे. गुडघे बोलायला लागले, मंजिरी रागावली, तरी फिरलो. या लोकांसारखी माणसं मी पाहिली नाहीत. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत, चहा देतात. एक प्लंबर म्हणाला, अकरावं बरं असतं, रविवार चांगला जातो. एका बाईने नवऱ्याला विचारायला हवं म्हणून सांगितलं, नवरा शेजारीच बसला होता. मी सगळ्यांना झापलं. अहो, आयव्ही क्रॅब्ट्री चौऱ्याहत्तर वर्षं थंडीत बसतायत, आणि तुमच्या हातून एक सही होत नाही? आपल्या बुडाखालची जागा धरून बसण्यात कसलं शहाणपण? लोक मान खाली घालून सह्या करत. प्लंबरने तर माफीही मागितली.

तीस एप्रिलला चार वाजता क्लबच्या खोलीत मी गठ्ठा मिस फर्निवलपुढे ठेवला. प्लमली होते, मंजिरी होती. बाई निळी टोपी घालून आल्या होत्या, ती त्या लग्नाकार्यातच घालतात. मिस फर्निवलनी एकेक पान मोजलं. दोन हजार तीनशे पाच, त्या म्हणाल्या. एक कमी.

"कोण तो दीडशहाणा?" मी म्हणालो. "पत्ता द्या, आत्ता घेऊन येतो."

त्यांनी नोंदवही माझ्याकडे फिरवली. जी सत्तेचाळीस. माझ्या यादीत नुसते खुर्च्यांचे नंबर आणि पत्ते होते, आणि ही खुर्ची मी वॉल्टरची धरून सोडून दिली होती. भोगवटादाराच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात दत्ताराम गणपत तारळेकर. ळ कसा लिहायचा, याची त्यांनी कुठून तरी चौकशी केलेली दिसत होती.

मी स्वतःला पाहुणा समजत होतो. मुलीकडे राहणारा, शेजारणीच्या नवऱ्याच्या खुर्चीवर बसणारा, लोकांचे कागद करून देणारा. या देशात माझ्या नावावर साधं विजेचं बिल नाही. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं लिहिली, एकदाच स्वतःचं खोडलं, आणि आता हे नाव मला दाखवलं तेही नेमकं खोडायच्या दिवशी. असा संताप आला की कानशिलं तापली. आणि त्या बायका आठवल्या. भावांच्या नावे हक्क सोडून दिल्यावर नोटीस घेऊन जबाब द्यायला चावडीत यायच्या. शेकडो आल्या असतील. माझी बहीणही येऊन गेली. पेन हातात घ्यायच्या आणि बसून राहायच्या, आणि मी म्हणायचो, आटपा बाई, मागे लोक खोळंबलेत. त्यांना एवढा वेळ का लागतो, ते मला कधी कळलं नव्हतं.

मंजिरी मराठीत म्हणाली, "बाबा, करून टाका. सगळे तुमच्याकडे बघतायत."

"बघू देत," मी म्हणालो.

पावणेपाच झाले. मला वाटलं, बाई आता काहीतरी बोलतील. त्या एक शब्द जरी बोलल्या असत्या, तरी मी सही केली असती असं मला वाटतं. पण त्या टोपीची पिन नीट करत होत्या. प्लमलींनी मला चहा विचारला. मी पेन उघडलं, बंद केलं, उघडलं. पाच वाजता मिस फर्निवलनी माझ्या हातातून ते हळूच काढून घेतलं, कारण ते त्यांचंच होतं, आणि गठ्ठ्यावर शिक्का मारला: हक्क कायम. मंजिरी रडायला लागली. प्लमली म्हणाले, "ठीक आहे, काही हरकत नाही."

हरकत नाही कशी? मी एका म्हातारीच्या तोंडचा घास काढला होता. आमच्याकडे असतो तर दारावर शेण पडलं असतं, पारावर बसायची चोरी झाली असती, चार जणांनी माझ्या सात पिढ्या उद्धारल्या असत्या. इथे दुसऱ्या दिवशी प्लंबर समोरून आला आणि हवा छान आहे म्हणाला. पाववाल्याने मला नेहमीचा पाव बाजूला काढून ठेवला होता. सगळा उन्हाळा मी या गावातून अंगावर शिव्या झेलायच्या तयारीने फिरलो, आणि दोन हजार तीनशे पाच माणसांपैकी एकाने एक शिवी दिली नाही. इतका अपमान माझा कधी झालेला नाही. बाई कुंपणापलीकडून हात हलवायच्या आणि आत जायच्या.

ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला. मी जाणार नव्हतो. मग वाटलं, मालक आहे, जायला हवं. बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी सत्तेचाळीस नंबरवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली, मी बसलो. मध्यंतरात त्यांनी कागदातून मटण पाय काढला आणि अख्खा स्वतः खाल्ला, शेवटच्या तुकड्यापर्यंत. कागदाची घडी घातली. मग मला राहवलं नाही.

"मिसेस क्रॅब्ट्री," मी म्हणालो, "एकदा काय ते बोलून टाका."

त्यांनी बोटं पुसली. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझा तुमच्यावर भयंकर राग आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही हट्टी आणि आपमतलबी म्हातारे आहात. आणि मी मरेपर्यंत हा राग जाणार नाही. आता समोर बघा, कॉर्नर मिळालाय."

चौदा वर्षांत या देशात माझ्यावर कोणी असं हक्काने रागावलं नव्हतं. मी समोर बघितलं. कॉर्नर वाया गेला.