पूर्ण दोन मिनिटं

साखरखेर्ड्यात शोकसभा असली की लोक आधी विचारतात, "खरातसर येऊन राह्यले का?" येत असतील तर गुडघेदुखीवाले घरीच थांबतात.

बाकी सगळीकडे दोन मिनिटांचं मौन वीस-पंचवीस सेकंदांत उरकतं. खरातसरांसमोर ते दोन मिनिटांचंच होतं. मी शिकवतो त्या शाळेचे सर निवृत्त खेळशिक्षक. शर्यतींचं स्टॉपवॉच अजून त्यांच्या गळ्यात असतं. मौन सुरू झालं की ते बटण दाबतात आणि एकशेवीस सेकंद पुरे झाल्यावरच मैदानावरच्या आवाजात "विश्राऽऽम!" म्हणतात.

सोसायटीच्या अध्यक्षांच्या शोकसभेला एक पुढारी आले होते. त्यांना पुढे एक लग्न गाठायचं होतं. त्यांनी घाईघाईनं "ओम शांती" म्हटलं आणि सगळे बसले. सर उभेच.

"बावीसच सेकंद झाले, साहेब. उठा."

साहेब उठले. तेवढ्यात कोणाचा तरी मोबाईल वाजला. कोणाचा कशाला, माझाच. तोही बँडबाजाच्या गाण्यासकट.

"फाऊल!" सर ओरडले. "पुन्हा पहिल्यापासून!"

साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझी बदली कशी झाली नाही याचं मला अजून नवल वाटतं.

सायकल-दुकानवाले सलीमचाचा मात्र सरांवर खूश. "मी गेलो की सरले बोलवा. पुढारी नाही आले तरी चालते."

मागच्या महिन्यात चाचा गेले. त्यांना पूर्ण दोन मिनिटं मिळाली. परतताना बाजाररस्त्यावर मी सरांना छेडलं, "मेलेल्या माणसाला काय कळतं हो, वीस सेकंद की दोन मिनिटं?"

"त्याले नाही कळत. आपल्याले कळते ना."

सर थांबले. सरांच्या पत्नी मी या शाळेत येण्याआधीच गेल्या, एवढंच मला ठाऊक होतं.

"माही सुमन शाळेत खिचडी शिजवायची," ते खाली बघत म्हणाले. "ती गेली तवा पोरं मैदानावर उभी केली. ऑर्डर मलेच द्यायची होती. अर्ध्या मिनिटातच रडू फुटाले लागलं. पोरायपुढं कसं रडू? 'विश्राम' म्हणून टाकलं. सगळ्यायले पुरे करून देतो, मास्तर. तिचेच राह्यले."

मला माझीच लाज वाटली. मी मोबाईल बंद केला. म्हटलं, "लावा सर घड्याळ."

भर दुपारी, भज्यांच्या गाडीशेजारी, आम्ही दोघं ताठ उभे राहिलो. भजीवाला झारा हातात धरून बघत राहिला.

घड्याळात एकशेवीस झाले. सरांच्या तोंडून शब्द फुटेना, डोळेही उघडेनात. मी आणखी थोडा थांबलो.

मग मीच हळू म्हणालो, "विश्राम, सर."