हात दाखवला तरी थांबू नये

माणूस घरातून निघाला आणि चालत सासुरवाडीला गेला, एवढीच खरं तर ही गोष्ट. पण चिखलीच्या नारायणरावांनी हे केलं आणि अर्ध्या बुलढाणा जिल्ह्याची झोप उडाली.

नारायणराव एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. म्हणजे स्टँडवरच्या खिडकीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते माइकवर सांगणारा माणूस. गाड्यांनी जावं, प्रवाशांनी जावं, आपण खिडकीत बसावं, असा त्यांचा एकूण स्वभाव. घरातून स्टँड दिसायचं, तरी ते येणाऱ्या गाडीला हात दाखवायचे आणि पुढच्या वळणावर उतरायचे. (गाडी थांबायची, कारण साहेब होते. साहेबांना वाटायचं, आपण लोकप्रिय आहोत.)

त्यांच्या पत्नीचं, अंबूबाईंचं, माहेर रोहिणखेडचं, तिथे भाऊ पुंजाजी. अंबूबाई माहेरी निघाल्या की नारायणराव त्यांना खिडकीजवळची जागा धरून द्यायचे, कंडक्टरला म्हणायचे, "रोहिणखेडले नीट उतरवून देजो, पुंजाजीच्या घरी," आणि गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारायचे. गाडी निघायची. ते परत खिडकीत. असं जन्मभर चाललं. बायकोवर जीव नव्हता असं मुळीच नाही. जीव होता, ड्यूटीही होती.

गेल्या उन्हाळ्यात अंबूबाईंनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला आणि तिथून सगळं सुरू झालं.

"अहो, हे पाहा. हे म्हातारी माह्याहून मोठी दिसते. पाठीवर बोचकं घेऊन डोंगरातून महिनाभर चालून राह्यली."

"पोरायनं काढून देल्लं असन तिले."

"काढून कायचं? हौसेनं चालते ते. आन नवरा संगं हाय. पाहा, मांगून धापा टाकत येऊन राह्यला."

नारायणरावांनी त्या नवऱ्याकडे पाहिलं आणि त्यांना त्याच्याविषयी फार वाईट वाटलं. तेवढ्यात अंबूबाई म्हणाल्या, "मले रोहिणखेडले पायी जायचं हाय. तुमच्या संगं."

"बस हाय ना डायरेक्ट!"

"बसनं तुमी मले जलमभर बसवूनच देल्लं. एकदा संगं चाला."

त्या हे हसत म्हणाल्या. पण हसत म्हटलेलं वाक्य जास्त दिवस टोचतं, हे नारायणरावांना तेव्हा माहीत नव्हतं. ते "पाहू" म्हणाले.

मग तयारी सुरू झाली. पुण्याहून सुनेनं, अनुपमानं, दोघांना चालायचे जोडे पाठवले. नारायणरावांचे निळे, अंबूबाईंचे जांभळे. दिवाळी झाली, थंडी पडली, की निघायचं असं ठरलं. नारायणरावांनी चालण्याचं वेळापत्रक केलं, त्यात थांबे टाकले, विनंती थांबेही टाकले. पहाटे दोघं मेहकर रोडनं सरावाला निघत. अंबूबाई पदर खोचून पुढे, नारायणराव मागे, आणि चहाची टपरी आली की नारायणरावांचा विनंती थांबा. त्यांचे जोडे चावायचे. अंबूबाई म्हणाल्या, "घरात घालून फिरा. पायाले बसतीन." ज्या बाईनं आयुष्यात कुणाची चप्पल उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही, तिनं नवऱ्याला जोड्यांसकट स्वयंपाकघरात फिरू दिलं. एवढी तिची हौस होती.

भाद्रपदात एका दुपारी अंबूबाई शेंगा निवडताना म्हणाल्या, छातीत कसंसंच होतंय. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर घर फार मोठं झालं. शेखर, म्हणजे मुलगा, पुण्याला चला म्हणाला. नारायणराव गेले नाहीत. ते रोज सकाळी निळे जोडे घालून बैठकीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून बैठकीत फिरायचे. ओरडायला कोणी नव्हतं. जांभळे जोडे दाराशी तसेच होते, तळव्याला मेहकर रोडची काळी माती वाळलेली. कामवाली ते झटकायला गेली तर नारायणराव तिच्यावर असे खेकसले की तिनं दोन दिवस खाडा केला.

आणि मार्गशीर्षातल्या एका सकाळी ते निघाले. पाठीवर बॅग. बॅगेत दोन धोतरं, टॉर्च, शिट्टी, छत्री (आभाळात ढग नव्हता), गरम पाण्याची पिशवी आणि सगळ्यात वर, जुन्या लुगड्यात गुंडाळलेले जांभळे जोडे. ठरवलं एवढंच होतं, की अंबूला तिच्या माहेरी या खेपेला आपण स्वतः सोबत चालून न्यायचं. मध्ये कुठल्याही गाडीत बसायचं नाही. बसलो तर तिचं राहिलेलं पुन्हा राहिलं.

चिखलीची शेवटची घरं मागे पडली नाहीत तोच पहिली बस थांबली.

"सायेब! पायी काऊन? बसा ना!"

"नाही बाबा, मी चालून राह्यलो."

"गाडी चुकली काय? हे घ्या, हेच तुमची गाडी!"

ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला, दोन प्रवासी हात धरायला उतरले. त्यांच्या तावडीतून सुटतात तोच समोरून येणारी बस थांबली. ती चिखलीलाच चालली होती, तरी तिचा ड्रायव्हर म्हणे, बसा, फिरवून आणतो. मग मोटारसायकली. एक शिक्षक, एक दूधवाला, एक कुणाचा तरी साडू. आपल्याकडे वयाचा माणूस बॅग घेऊन पायी दिसला की त्याच्यावर काहीतरी आभाळ कोसळलं आहे असं धरून चालतात, आणि त्याला मागे बसवल्याशिवाय पुढे जाणं हे पाप समजतात.

केळवदच्या टपरीवर तर पंचायतच बसली.

"पोरानं घरातून काढलं काय, काका?"

"नाही हो. हौसेनं चाललो."

हौस हा शब्द टपरीवर कुणाला पटला नाही. मग एक म्हातारा हळूच शेजाऱ्याला म्हणाला, "बाई गेली ना यंदा. डोक्यावर परिनाम झाला असन." चहावाल्यानं त्यांच्या चहात न सांगता साखर जास्त टाकली.

केळवद सुटतं न सुटतं तोच शेखरचा फोन. "बाबा! मला चार जणांचे फोन आले. आम्ही तुम्हाला हाकलून दिलं म्हणतायत! अनुपमा रडतेय. तुम्ही आहात कुठे?"

"रस्त्यात."

"रस्त्यात म्हणजे रस्त्यावर?"

नारायणरावांनी फोन ठेवला. लगेच रोहिणखेडहून मेहुण्यांचा, पुंजाजींचा फोन. पुंजाजी पंचाहत्तरीचे, पण आवाज पंचविशीतला. "जवाईबुवा, हे काय आयकून राह्यलो? जवाई पायी वेशीतून आला त गाव मले काय म्हनन? पुंजाजीनं जवायाले गाडी नाही धाडली? मी जीप धाडतो!"

"नोका धाडू."

"अन तुमी पायी येऊ नोका!"

जांभळे जोडे घेऊन आपण तिला सोबत नेतो आहोत, हे कुणाला सांगता येईना. सांगितलं असतं तर लोकांनी दोन्ही हात धरून थेट दवाखान्यातच नेलं असतं. शेवटी एका निंबाखाली बसून नारायणरावांनी ड्रायव्हर-कंडक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जुन्या थाटात आदेश काढला: "मी स्वेच्छेने पायी जात आहे. माझ्यासाठी कोणीही गाडी थांबवू नये. मी हात दाखवला तरी थांबवू नये, कारण तो माझा दुबळेपणा समजावा." खाली अंगठ्यांची रांग लागली.

आदेश कडक पाळला गेला. त्यानंतर प्रत्येक बस त्यांच्याजवळ येऊन मंद व्हायची, ड्रायव्हर सलाम ठोकायचा आणि गाडी जायची. नारायणरावांना बरं वाटलं. पहिल्यांदाच रस्ता त्यांच्या एकट्याचा झाला. एकट्याचा नव्हे, दोघांचा. दोन्हीकडे हरभरा घाट्यांवर आला होता, तुरी उभ्या होत्या. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही हे बघून हळूच म्हटलं, "अंबू, हे पाह, तूर कशी आली." आणि मग त्यांना बोलण्याचा नादच लागला. चिखलीच्या घरात इतक्या वर्षांत जेवढं बोलले नसतील तेवढं ते त्या रस्त्यात बोलले. बुलढाण्यात ओळखीच्यांकडे मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी राजूरचा घाट उतरताना गुडघ्यांनी राजीनामा दिला, तरी त्यांनी तो मंजूर केला नाही. मोताळ्यात लॉजवर झोपले. पायांना फोड आले, फुटले, त्यांच्या जागी नवीन आले.

तिसऱ्या दिवशी मोताळ्याच्या पुढे फाट्यावर ते दगडावर बसलेले असताना रोहिणखेडची बस प्रवासी घ्यायला थांबली. दारात रंगराव कंडक्टर. हा त्यांचा जुना माणूस. अंबूबाई माहेरी जायच्या त्या बहुतेक याच्याच गाडीनं.

"सायेब, आदेश हाय तुमचा, मी बसा म्हननार नाही," रंगराव हात जोडून म्हणाला. "पन तुमचे खांदे त पाहा. बॅग तरी द्या. पुंजाजीच्या घरी पोचती करतो. बॅगीले त आदेश नाही ना?"

खांदे खरंच सोलवटले होते. नारायणरावांनी बॅग उतरवली आणि रंगरावच्या हातात दिली. तोंडातून आपसूक निघालं, "रोहिणखेडले नीट उतरवून देजो, पुंजाजीच्या घरी." आणि हात आपसूक गेला आणि पत्र्यावर दोनदा थाप पडली.

गाडी निघाली.

ती वळणापर्यंत गेली तेव्हा नारायणरावांच्या लक्षात आलं, आपण काय केलं ते.

"थांबा! अरे थांबवा!" ते फोडांच्या पायांनी धावले. दोन्ही हात वर करून धावले. गाडी मंद झाली. रंगरावनं दारातून वाकून पाहिलं, साहेबांचा दुबळेपणा त्याला स्पष्ट दिसला, आणि त्यानं डोळे पुसत कडक सलाम ठोकला. गाडी गेली. खिशात चाचपलं तर फोनही बॅगेतच. मागून दुसरी बस आली. नारायणराव रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. ड्रायव्हरनं त्यांना बाजूनं वळसा घातला, सलाम केला आणि ओरडला, "हिंमत ठेवा सायेब!"

नारायणराव रस्त्याच्या कडेला मटकन बसले आणि रडले. दवाखान्यात रडले नव्हते, स्मशानात रडले नव्हते, आता भर उन्हात, हरभऱ्याच्या बांधावर बसून लहान पोरासारखे रडले. पुन्हा तेच झालं होतं. ती गाडीत आणि आपण मागे.

मग उठले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. उरलेला रस्ता ते बोलले नाहीत. बोलायला सोबत कोणी नव्हतं.

दिवस मावळायला रोहिणखेड आलं. वेशीपासूनच पोरंबाळं मागे लागली. पुंजाजींच्या दारात रुखमाबाई, पुंजाजींच्या पत्नी, पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. नारायणरावांनी मान खाली केली. रुखमाबाईंनी तुकडा ओवाळला, टाकला.

"बॅग आली?" नारायणरावांनी विचारलं.

"आली ना. रंगराव रडत रडत देऊन गेला." रुखमाबाईंनी तांब्या खाली ठेवला. "मी उघडली. पाह्यलं त अंबूचे जोडे. व्हिडिओ कॉलवर दाखवले होते ना तिनं. म्हटलं, माय, बाई पायी निघाली होती, पोचली. मग दारात पाय धुवायले पानी घातलं, भाकर-तुकडा ओवाळला आन आत घेतलं."

नारायणराव आत गेले. देवघराजवळच्या पाटावर जांभळे जोडे ठेवले होते. धुतलेले, ओले. तळव्याची मेहकर रोडची माती निघून गेली होती. त्यांना वाईट वाटलं. मग वाटलं, माहेरी पोचल्यावर बाईचे पाय धुतातच. ते पाटासमोर बसले आणि म्हणाले, "मी संगं आलो बरं, अंबू."

"संगं?" मागून पुंजाजींचा पंचविशीतला आवाज आला. "ते त दुपारीच आली, जवाईबुवा. तुमी आता येऊन राह्यले."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, नारायणरावही. हसताना सगळ्यांचेच डोळे वाहत होते आणि कुणी ते पुसले नाहीत. मग त्यांचे स्वतःचे पाय धुवायची वेळ आली, तर सुजलेल्या पायांतून निळे जोडे निघेनात. पुंजाजींनी एक ओढला, रुखमाबाईंनी दुसरा.

सकाळी त्यांनी बॅग भरली. जांभळ्या जोड्यांना हात लावला तर रुखमाबाई म्हणाल्या, "ते राहू द्या. लेक किती दिसानं आली. चार दिस राहीन."

नारायणरावांनी हात मागे घेतला. आणि दर खेपेला फोनवर जे विचारायचे तेच त्यांनी विचारलं, "मंग न्यायले कधी येऊ?"

"आमी कळवू," रुखमाबाई म्हणाल्या. "आन येसान तवा गाडीनं या. पायी जवाई आला म्हून गावात आमचं नाक कापलं गेलं."

नारायणरावांना ते पटलं. आता पायी जायचं कारण उरलं नव्हतं, पायही उरले नव्हते. पुंजाजींची जीप त्यांनी भिडेनं नाकारली आणि गावाबाहेर रस्त्याला येऊन उभे राहिले. लांबून बस दिसली. दारात रंगरावच होता. नारायणरावांनी चांगला उंच हात दाखवला. बस जवळ आली, मंद झाली, रंगरावनं सलाम ठोकला, आणि आतल्या सगळ्या प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.