नववा फर्मा

पुस्तकबांधणीत माझा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे! मी बांधलेलं पुस्तक गच्चीवरून फेका, एक पान जरी सुटलं तरी मिशी काढून ठेवीन! आणि विचारांनी तर मी इतका पुढारलेला, की आमच्या छोटीने, म्हणजे धाकट्या बहिणीने, कादंबरी लिहिल्याचं कळताच सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या.

कादंबरी दोन बायकांच्या प्रेमाची. त्यातली एक परक्या भाषेची, परक्या धर्माची. दुसरी आपल्यातलीच. हिच्या घरचे तिच्या बोलण्याला नाकं मुरडतात, नातेवाईक हिच्यासाठी स्थळं आणतात, असं बरंच काही. मी वाचली नव्हती. बांधणारा वाचत बसला तर बांधणार कधी?

छापलेले फर्मे माझ्या दुकानात आले. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदाची सोळा पानी घडी. असे फर्मे एकावर एक शिवले की झालं पुस्तक!

"दादा, आईची प्रत तू स्वतः बांध," छोटी म्हणाली. "प्रकाशन समारंभाआधी तिने ती अख्खी वाचायलाच हवी. माझं फार अडलंय त्यावर."

"कापडी पुठ्ठा, सोनेरी अक्षरं! तू काळजीच सोड!"

ती गेली आणि फर्मे घेऊन आलेला छापखान्यातला मशीनवाला माझ्या कानाला लागला. "नववा फर्मा सांभाळा बरं का! दोघी एका खोलीत, आणि दार बंद!"

झालं! मला स्वतःला काही वाटत नाही हो, मी पुढारलेला! पण आई? सत्तरीची, त्यात रक्तदाब! तिने ते वाचलं तर?

मी आईच्या प्रतीतला नववा फर्मा काढला. पण सोळा पानं कमी झाली की पाठ बसकी दिसते, आणि बसकी पाठ माझ्या दुकानातून बाहेर जात नाही! शेजारी त्याच मापाचं कोंबड्या कशा पाळाव्यात याचं पुस्तक बांधायला पडलं होतं. त्यातला नववा फर्मा उचलला, शिवला, खळ लावली. पानांचे आकडेसुद्धा जुळले, एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस! शिवाय शंभराव्या पानापुढे आई पेंगते, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

आई पेंगली नाही! हातात पेन्सिल घेऊन तीन दिवसांत पुस्तक संपवलं, आणि समारंभात थेट माईकच मागितला.

"मला सगळ्यात आवडलेला भाग सांगते," आई म्हणाली. "दोघी खोलीत जातात, दार लावतात, मी श्वास रोखून पान उलटते, तर काय, कोंबड्या! खुराड्यात भुसा किती जाड पसरावा, पिसं गळायला लागली तर काय करावं, सगळं आहे! इतकी उपयोगी कादंबरी मी जन्मात वाचली नाही!"

मग मंचावरचे समीक्षक पुटपुटले, "वा! खुराडं म्हणजे समाज!" आणि घाईघाईने वहीत लिहू लागले.

छोटीचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"चारचौघांत थट्टा करतेस, आई?"

"थट्टा कसली? मी तर..."

"मी अशी आहे हे चालत नसेल तर सरळ नाही म्हण. पण असं हसू नकोस गं." तिने पर्स आणि आपली प्रत उचलली आणि ती दाराकडे निघाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पोरगी कादंबरी नव्हे, स्वतःबद्दल सांगत होती आईला! आणि नेमकं तेच मी काढून ठेवलं होतं!

"थांब छोटे! फर्मा मी बदललाय!" मी खुर्चीवर चढून ओरडलो. साठ माना वळल्या. मी खळीपासून कोंबड्यांपर्यंत सगळं कबूल केलं. समीक्षकांनी लिहिलेलं खोडलं.

आईने छोटीच्या हातातली प्रत घेतली, चष्मा पुसला आणि उभ्याउभ्याच ती सोळा पानं वाचली. छोटी दाराची कडी धरून उभी होती.

"हे होय!" आई म्हणाली. "अगं, चार वर्षं तुझी ती मैत्रीण आपल्याकडे जेवायला येते. तिचं बोलणं मला निम्मं कळत नाही, पण तू तिच्याकडे बघतेस ते कळतं की! तू कधी सांगतेस याचीच वाट बघत होते."

छोटी रडली, आई रडली, शेवटच्या रांगेतली मैत्रीण आपल्या भाषेत रडली. मीही डोळे पुसले.

"पण कोंबड्यांची पानं मी परत देणार नाही!" आईने बजावलं.

मी हळूच सटकत होतो, तेवढ्यात छोटीने प्रत माझ्या हातात दिली.

"आता तू वाच, दादा. पान एकशे छत्तीस."

वाचलं. बंद दाराआड त्या दोघी घरी कसं सांगायचं याची तालीम करत होत्या, बस! 'आधी कोणाला सांगूया?' एक विचारते. दुसरी म्हणते, 'दादाला. तो पुस्तकं बांधतो. एक पान इकडचं तिकडे झालेलं त्याला खपत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकाट्याने मिशी काढली.