चिंचेखालचं इंजिन

डोमाभाऊ कोणाच्याही घरी गेला की आधी यंत्राची चौकशी करायचा, माणसाची नंतर. त्याच्या कमरेला लाकडी मुठीचा एक लांब पेचकस खोचलेला असायचा. पेचकसाचं टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि तोंड थोडं उघडं ठेवायचं, ही त्याची तपासणी. ती चालू असताना कोणी बोललेलं त्याला खपत नसे.

माझ्या पिठाच्या चक्कीला तो असा रोज कान लावायचा. बायाबापड्या दळण घेऊन ताटकळत बसायच्या आणि डोमाभाऊ डोळे मिटून उभा. मग निकाल द्यायचा, "गुणवंता, बेरिंग रडून राहिली." किराणा दुकानातल्या फ्रीजला त्यानं दमा झाल्याचं सांगितलं होतं. एका लग्नात तर मांडवात झोपून घोरणाऱ्या नवरदेवाच्या मामालाच त्यानं पेचकस लावला. मामा दचकून उठला, वऱ्हाडी धावले. डोमाभाऊ शांतपणे म्हणाला, "काही नाही. इंजन बराबर आहे, सायलेन्सर गेला."

आमचं गाव नवेगाव बांधाच्या अलीकडचं. माझी चक्की आणि डोमाभाऊचं आंगण समोरासमोर, मधून फक्त रस्ता. जन्मभर त्यानं गोंदियाच्या एका राइस मिलवाल्या शेठचा ट्रक चालवला. रायपूर, नागपूर, चंद्रपूर या गावांची नावं तो आपल्याच शेतांची घ्यावी तशी घ्यायचा. गुडघे धरायला लागले तेव्हा शेठनं त्याला घरी बसवलं. त्याच्या मागोमाग ट्रकही मिलच्या कोपऱ्यात बसला, कारण तो डिझेलपेक्षा ऑइल जास्त प्यायला लागला होता. शेठनं तो भंगारात काढला, तेव्हा डोमाभाऊ गोंदियाला गेला आणि भंगाराच्याच भावानं घेऊन आला. म्हणजे एका भाड्याच्या ट्रॅक्टरच्या मागे बांधून ओढत आणला. सारं गाव रस्त्यावर उभं होतं. डोमाभाऊ मात्र स्टेअरिंगवर असा बसला होता, की जणू ट्रॅक्टरलाच तो मागून ढकलून राहिला आहे.

इंजिन घरीच खोलायचं, हे त्यानं त्याच दिवशी जाहीर केलं. कोहमाऱ्याच्या नाक्यावर ढाब्यांच्या रांगेत चांगलं गॅरेज होतं. तिथला मिस्त्री डोमाभाऊचा जुना ओळखीचा, तो स्वतः येऊन बघून गेला आणि म्हणाला, भाऊ, गाडी माझ्याकडं टाका. डोमाभाऊनं त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "बिमार माणूस आपल्या घरी बरा होते," एवढंच कारण त्यानं दिलं.

मग जे सुरू झालं ते सोसलं त्याच्या बायकोनं. जनावैनी तशी हिमतीची बाई. पण तुरीच्या डाळीचा डबा उघडावा आणि आत काळ्या तेलात भिजलेले नट दिसावेत, हे कोणती बाई किती दिवस चालवून घेईल? पापड वाळवायच्या खाटेवर फिल्टर वाळत पडले. कणीक मळायची परात रॉकेलनं भरून गेली. त्या परातीत हात घालून बसलेल्या नवऱ्याकडं बघत वैनी एकदा मला म्हणाली, "सवत आणली असती तर भांडे तरी घासले असते तिनं."

इंजिनाचे सहाही सिलिंडर डोमाभाऊला नातेवाइकांसारखे होते. पहिला मोठा मामा, कारण तो सगळ्यात आधी कुरकुरायचा. चौथा जावई. "तेल पिते आणि काम करत नाही," असं तो सांगायचा. जावयाच्या रिंगा घासल्या होत्या, तोच सगळ्या धुराचा धनी होता. रिंगा बदलायच्या तर पिस्टन बाहेर काढावे लागणार, आणि पिस्टन काढायचे तर वरचं भलंमोठं लोखंडी झाकण, ज्याला हेड म्हणतात ते, उचलावं लागणार. ते काही दोन हातांचं काम नाही. त्यासाठी साखळीची कप्पी हवी आणि ती टांगायला मजबूत आधार हवा.

आधार होता. चिंचेचं मोठं झाड. पण ते बोराटीच्या कुंपणापलीकडं होतं, आणि कुंपणापलीकडं इस्तारी राहायचा.

इस्तारी डोमाभाऊचा सख्खा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं बंद होतं. बापाच्या मयतीतही एक पुढून आणि एक मागून खांदा देत गेले, पण एकमेकांकडं पाहिलं नाही. कारण हाच ट्रक. इस्तारी या ट्रकवर कित्येक वर्षं भावाचा क्लीनर होता. काच पुसायची, टायर बदलायचे, स्वयंपाक करायचा. त्याला एकच हौस, स्टेअरिंग हातात घ्यायची. डोमाभाऊ दरवेळी म्हणायचा, पुढल्या खेपेला. ती पुढली खेप कधी आलीच नाही. शेवटी एका दुपारी कोहमाऱ्याला डोमाभाऊ ढाब्यावर जेवत असताना इस्तारीनं न विचारता ट्रक सुरू केला आणि रस्त्यापर्यंत नेता नेता एका उभ्या टँकरचा आरसा उडवला. डोमाभाऊ उष्ट्या हातानं धावत आला. साऱ्या ड्रायव्हरांसमोर त्यानं भावाच्या कानाखाली वाजवली आणि म्हणाला, "तुया हाती फडकंच शोभते." इस्तारीनं खांद्यावरचं फडकं बोनेटवर ठेवलं आणि मिळेल त्या गाडीनं घरी आला. पुढं त्यानं ट्रॅक्टर घेतला, तो चालवायला स्वतःच शिकला, आणि दोन घरांच्या मध्ये ते बोराटीचं कुंपण घातलं.

फांदी मागायला डोमाभाऊनं मला पाठवलं. मी भीत भीत गेलो. इस्तारी धान बांधायचे दोर वळत बसला होता. मी बोललो ते त्यानं ऐकून घेतलं आणि दोर न थांबवता म्हणाला, "झाड का माह्या एकट्याच्या बापानं लावलं? टांगा म्हणा." मग हाक मारून मला परत बोलावलं आणि बजावलं, की तेलाचा एक थेंब इकडं पडला तर फांदी तोडून टाकीन.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचसहा जणांनी ट्रक ढकलत, कुंपणावरून इकडं आलेल्या फांदीखाली, कुंपणाला नाक लावून उभा केला. कोहमाऱ्याच्या मिस्त्रीनं हसत हसत कप्पी दिली. हेड निघालं, पिस्टन निघाले, जावयाची सगळी लाज उघडी पडली. आणि इस्तारीनं आपली खाट चिंचेखाली आणून टाकली. तेल सांडते का ते पाहायला, असं तो म्हणायचा. पहिल्यांदा तो आमच्याकडं पाठ करून बसायचा. काही दिवसांनी अर्धा वळून बसू लागला. ऊन लागते म्हणून. आणखी काही दिवसांनी खाट सरळ फिरली, तेव्हा त्यानं उन्हाचंही नाव घेतलं नाही. दोर मात्र वळून वळून इतके झाले होते, की साऱ्या तालुक्याचं धान बांधून झालं असतं.

डोमाभाऊनंही तिकडं बघितलं नाही. पण मला एक गोष्ट दिसत होती. हातातलं काम काय आहे, हे तो हल्ली मोठ्यानं सांगू लागला होता. पाना माझ्या हातात देताना मला जे आधीच माहीत असायचं तेही सांगायचा, आणि आवाज कुंपणापलीकडं जाईल इतका असायचा.

नव्या रिंगा बसल्या. हेड परत बसवायचा दिवस आला. हेडच्या खाली ग्यासकेट अंथरतात, म्हणजे एक पातळ पत्रा, ज्याला सिलिंडरची मोठी भोकं आणि तेलापाण्याची बारीक भोकं असतात. डोमाभाऊनं तो ठेवला आणि बंपरवर चढून हेडला हात लावला. साखळी माझ्या हातात होती. मी हेड खाली सोडायला लागलो तेवढ्यात खाटेवरून आवाज आला.

"गुणवंता, त्याले सांग, ग्यासकेट उलटा आहे."

डोमाभाऊ ताठ झाला. "गुणवंता, त्याले इचार, तेथून का दिसते त्याले?"

"सांग त्याले, तेलाचं भोक बुजलं."

हेड माझ्या डोक्यावर लोंबकळत होतं आणि मी दोन भावांच्या मध्ये टपालपेटीसारखा उभा होतो. डोमाभाऊनं खाली वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. भोक खरंच बुजलं होतं. ट्रकचा नटन् नट पाठ असलेल्या माणसाकडून ही चूक कशी झाली, हे मला आजही कळलेलं नाही. मी त्याला कधी विचारलंही नाही.

मग तो मान वर न करता म्हणाला, "तं येऊन दाखव ना."

हे माझ्यासाठी नव्हतं. इस्तारीलाही ते कळलं. तो उठला, दोर बाजूला ठेवला आणि कुंपणाला वाट नव्हती म्हणून बोराटीच्या फांद्या पायानं दाबून सरळ आत आला. काटे लुंगीला अडकले ते त्यानं सोडवलेही नाहीत. ग्यासकेट उचलून त्यानं पालथा केला, चारी बाजूंनी बोट फिरवलं आणि हेडला हात देऊन मला म्हणाला, "सोड. हळूहळू सोडजो." दोघा भावांच्या हातांमध्ये ते हेड जागेवर बसलं. वैनी दारात उभी होती. ती आत गेली आणि चहा घेऊन आली. कप एक जास्त होता.

त्यानंतर इस्तारी रोज येऊ लागला. मागचं काही निघालं नाही. बोलणं चालायचं ते बोल्टचं, वॉशरचं, फार तर जावयाचं.

इंजिन सुरू करायच्या दिवशी बॅटरी कमजोर निघाली. डोमाभाऊ काही बोलायच्या आत इस्तारीनं आपला ट्रॅक्टर आणून केबल जोडली. डोमाभाऊनं चावी फिरवली. इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं. पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट निघाला, वैनीच्या कोंबड्या रस्त्यापार झाल्या, आणि मग ते लागलं. धूर विरळ होत गेला. माझ्या चक्कीच्या पत्र्यापर्यंत थरथर आली. दळणाला आलेल्या बायाही बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

 डोमाभाऊ ड्रायव्हरच्या जागेवरून सरकत सरकत डाव्या खिडकीशी जाऊन बसला. इस्तारी खाली उभाच.

"बस."

"मी?"

"मंग का आमंत्रन पाठवू?"

इस्तारीनं लुंगीला हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच होता. मग चढला. मी आणि वैनी मागे डाल्यात, म्हणजे माल भरायच्या हौद्यात, उभे राहिलो. ट्रक एक हिसका देऊन आंगणाबाहेर पडला आणि बांधाच्या तलावाकडच्या रस्त्याला लागला. दोन्हीकडं धानाच्या बांध्या हिरव्यागार होत्या. रोवणीच्या बाया कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. पहिल्यांदा केबिनमधून डोमाभाऊचा आवाज सारखा ऐकू येत होता, क्लच दाब, गेअर टाक, बैल पाहाय. मोरी ओलांडल्यावर तो आवाज बंद झाला. मागच्या जाळीतून मला फक्त त्याची मान दिसत होती. ती खिडकीबाहेर वळलेली होती.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या बांधावर, चढ आहे. तिथं इस्तारीनं ट्रक थांबवला. चढावर गाडी उभी केली की क्लीनरनं आधी उतरायचं, मागच्या चाकाला दगड लावायचा आणि ड्रायव्हरला तसं सांगायचं, ही रीत. इस्तारी हात स्टेअरिंगवर ठेवून तसाच बसला होता. डावं दार उघडलं. डोमाभाऊ दुखरा गुडघा धरत खाली उतरला, काठावरचा एक दगड दोन्ही हातांनी उचलून आणला, चाकामागे नीट रोवला आणि पायानं दाबून पाहिला. मग तळहातानं ट्रकच्या पत्र्यावर थाप मारली.

"लागला, उस्ताद."

उस्ताद म्हणजे ड्रायव्हर. क्लीनर त्याला दुसऱ्या नावानं हाक मारत नाही.

वैनीनं पदर तोंडावर घेतला. इस्तारी बराच वेळ खाली उतरला नाही. डोमाभाऊ चाकापाशीच पाण्याकडं तोंड करून उभा राहिला, आणि कोणी कोणाला घाई केली नाही.